एलो रेटिंग: पात्रता गटाचा अंदाज बांधायला कितपत कामाचं?

फुटबॉलच्या राष्ट्रीय संघांना एलो पद्धतीने गुण देणारं 'वर्ल्ड फुटबॉल एलो रेटिंग्ज' नावाचं एक फुकट संकेतस्थळ आहे. मी अकरावी-बारावीला संख्याशास्त्र शिकवते. भारताचा संघ कुठल्याही पात्रता गटात पडला की घरात पहिला प्रश्न माझ्याकडेच येतो: "मावशी, आपले चान्सेस किती?" विचारणारा भाचा तोवर फिफाच्या क्रमवारीचं पान उघडून बसलेला असतो. मी हे दुसरं पान उघडते. बरीच वर्षं वापरून झाल्यावर लिहिते आहे, त्यामुळे मत आधीच देऊन टाकते. कुठला संघ किती दमदार आहे हे जाणून घ्यायला ह्याच्याइतकं चांगलं साधन फुकटात मिळायचं नाही. पण गटातून कोण पुढे जाणार असं विचारलंत, तर हे अर्धंच उत्तर देतं. उरलेलं अर्धं वही-पेन घेऊन स्वतः काढावं लागतं. पाचपैकी साडेतीन तारे.

पान दिसायला अगदी रुक्ष आहे. झेंडे, देशांची नावं, आकडे, पुन्हा आकडे. देशावर टिचकी मारली की त्या संघाचे सामने उलगडत जातात आणि प्रत्येक सामन्यापुढे किती गुण मिळाले किंवा गेले ते दिसतं. हिशोब सुरू होतो तो थेट 1872 च्या स्कॉटलंड-इंग्लंड सामन्यापासून, म्हणजे पहिल्या आंतरराष्ट्रीय सामन्यापासून. ज्यांना रंगीत आलेख, खेळाडूंचे फोटो आणि 'सुपरकॉम्प्युटरचा अंदाज' असल्या गोष्टी हव्या असतात त्यांनी इकडे फिरकू नये. मला हा रुक्षपणा आवडतो. आकडा कुठून आला हे लपवलेलं नाही. सूत्र उघड आहे आणि बारावीचं पोरही ते कॅल्क्युलेटरवर पडताळून पाहू शकतं.

पद्धत मुळात बुद्धिबळाची. आर्पाद एलो हे हंगेरीत जन्मलेले, अमेरिकेत भौतिकशास्त्र शिकवणारे प्राध्यापक. त्यांची पद्धत अमेरिकेच्या बुद्धिबळ महासंघाने 1960 मध्ये आणि जागतिक महासंघाने 1970 मध्ये स्वीकारली. फुटबॉलसाठी ती बेतली बॉब रन्यान यांनी, 1997 मध्ये. गाभा सोपा आहे. सामन्याआधी दोन संघांच्या गुणांतल्या फरकावरून 'अपेक्षित निकाल' काढायचा. जिंकलं तर 1, बरोबरी झाली तर अर्धा, हरलं तर 0. प्रत्यक्ष निकाल अपेक्षेपेक्षा जितका वर तितके गुण वाढतात, जितका खाली तितके घटतात, आणि एकाने कमावलेले गुण दुसऱ्याच्या खात्यातून जातात. फरक शून्य असेल तर अपेक्षा 0.50, शंभर असेल तर 0.64, दोनशे असेल तर 0.76. सामना जितका महत्त्वाचा तितकी गुणांची उलाढाल मोठी: अपेक्षा आणि निकाल ह्यांतल्या फरकाला विश्वचषकाच्या मुख्य स्पर्धेत 60 ने गुणायचं, पात्रता सामन्यात 40 ने, मैत्रीपूर्ण सामन्यात 20 ने.

आता तुम्ही म्हणाल, फिफाची क्रमवारी हेच तर करते. ऑगस्ट 2018 पासून करते, खरं आहे. त्याआधीची पद्धत सरासरीवर चालायची आणि तिच्यात कमी वजनाचे मैत्रीपूर्ण सामने खेळून सरासरी घालवणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं होतं. पोलंडने ते ओळखून असे सामने कमी केले आणि 2018 च्या विश्वचषकाच्या सोडतीत पहिल्या पॉटमध्ये, म्हणजे क्रमवारीतल्या वरच्या संघांच्या गठ्ठ्यात, जाऊन बसलं. प्रत्यक्ष स्पर्धेत मग सेनेगल आणि कोलंबियाकडून हरून गटात तळाला गेलं. तेव्हापासून मी कुणाच्याही तोंडून 'आपण पॉट वनमध्ये आहोत' हे ऐकलं की सावध होते.

फिफाने एलोची कल्पना घेतली, पण दोन गोष्टी घेतल्या नाहीत, आणि गटाचा अंदाज बांधताना नेमक्या त्याच लागतात. एक म्हणजे घरचं मैदान. एलोच्या संकेतस्थळावर यजमान संघाच्या गुणांत हिशोबापुरते शंभर मिळवतात, म्हणजे बरोबरीच्या दोन संघांतसुद्धा यजमानाची अपेक्षा 0.64 होते. फिफाच्या सूत्राला शिलाँग काय, ढाका काय, सगळं सारखंच. दुसरी म्हणजे गोलांचा फरक. दोन गोलांनी जिंकलात तर गुणांची उलाढाल दीडपट, तीन गोलांनी तर पावणेदोनपट, पुढे प्रत्येक गोलामागे एक अष्टमांश वाढ. नॉर्वेने सप्टेंबर 2025 मध्ये मोल्दोव्हाला 11-1 हरवलं. दहा गोलांचा फरक, म्हणजे गुणक 2.625. फिफाच्या हिशोबात ह्या 11-1 ची किंमत 1-0 एवढीच.

हा गोलफरक म्हणजे निव्वळ हौसेचा आकडा नाही. त्या गटात नॉर्वे, इटली, इस्रायल, एस्टोनिया आणि मोल्दोव्हा होते. शेवटचा सामना इटली-नॉर्वे, मिलानमध्ये. त्याआधी नॉर्वेने सातही सामने जिंकले होते, 33 गोल केले होते आणि 4 खाल्ले होते. इटलीने ओस्लोतला 0-3 पराभव सोडला तर बाकी सगळे जिंकलेले, पण गोलांचा हिशोब 20-8. गटाच्या तक्त्यात गुणांचा फरक तीनचा, म्हणजे इटली जिंकली असती तर बरोबरी. पण गोलफरकात नॉर्वे 29 आणि इटली 12, तेव्हा इटलीला नऊ गोलांनी जिंकणं भाग होतं. एस्टोनियाला 5-0 आणि मोल्दोव्हाला 2-0 हे दोन्ही 'विजय' म्हणून एकाच रकान्यात टाकणाऱ्याला हे आधी दिसलंच नसतं. शेवटी नॉर्वेच 4-1 जिंकून गेलं आणि 1998 नंतर पहिल्यांदा विश्वचषकाला पोहोचलं. त्या गटापुरतं तरी एलोचं साधन फिफाच्या क्रमवारीपेक्षा सरस, ह्यात वाद नाही.

पण आपला प्रश्न भारताचा. आणि ह्या साधनाची खरी परीक्षा मी ज्या गटात घेतली तो म्हणजे 2027 च्या आशियाई चषकाच्या पात्रता फेरीचा गट 'क': भारत, हाँगकाँग, सिंगापूर, बांगलादेश.

9 डिसेंबर 2024 ला क्वालालंपूरला सोडत निघाली. चोवीस संघ, सहा गट, प्रत्येक गटात चार संघ, घरी-परक्याकडे मिळून सहा सामने, आणि फक्त पहिला संघ मुख्य स्पर्धेसाठी सौदी अरेबियाला जाणार. भारत पहिल्या पॉटमध्ये, म्हणजे गटात कागदावर अव्वल. मार्च 2025 मध्ये पहिला सामना झाला तेव्हा फिफाच्या यादीत भारत 126 आणि बांगलादेश 185.

"मावशी, ह्या वेळी ग्रुप सोपाय," भाचा म्हणाला.

"सोपा कुणासाठी?"

"अगं, आपल्यासाठी! साठ नंबरांचा फरक आहे."

हा साठ नंबरांचा फरक म्हणजे क्रमवारीतली सगळ्यात फसवी गोष्ट. यादीच्या वरच्या टोकाला एक नंबर पुढे सरकायला बरेच गुण लागतात. शंभराच्या खाली संघ इतके दाटीवाटीने उभे असतात की थोडक्या सामन्यांत कुणीही कित्येक पायऱ्या वर किंवा खाली जातो. भारत जुलै 2023 मध्ये 99 वर होता आणि दीड वर्षात 126 वर आला. म्हणून माझा पहिला सल्ला: हे संकेतस्थळ उघडलंत तर क्रमांकाच्या रकान्याकडे बघूच नका, गुणांच्या रकान्याकडे बघा. फरक गुणांत मोजला की तो साठावरून एकदम माणसात येतो.

आता समजा, भारताचे गुण बांगलादेशपेक्षा दोनशेने जास्त आहेत आणि सामना आपल्याकडे आहे. घरच्या मैदानाचे शंभर धरून फरक तीनशे, अपेक्षित निकाल 0.85 च्या आसपास. 25 मार्चला शिलाँगला सामना झाला 0-0. मिळाला अर्धा. 0.85 च्या जागी 0.50, गुणिले 40, म्हणजे सुमारे 14 गुणांचा फटका. त्याच दोनशेच्या फरकावर फिफाचं सूत्र जेमतेम साडेचार गुण कापतं. एलो इथे जोरात ओरडतं आणि ते योग्यच आहे. घरच्या मैदानावर गटातल्या सगळ्यात खालच्या संघाशी गोलशून्य बरोबरी ही सहा सामन्यांच्या गटात फार महाग पडते. त्या रात्री 'एक गुण तर मिळाला' म्हणणाऱ्यांपेक्षा ह्या रुक्ष पानाला परिस्थिती जास्त कळली होती.

मात्र त्या सामन्याबद्दल एक गोष्ट पानाला ठाऊक नव्हती, आणि ठाऊक असणं शक्यही नव्हतं. बांगलादेशकडून त्या दिवशी हमझा चौधरी पहिल्यांदा खेळला. लेस्टर सिटीत वाढलेला, इंग्लंडच्या वरच्या श्रेणीत खेळलेला मधल्या फळीतला खेळाडू. पुढे जूनमध्ये कॅनडात वाढलेला शमित शोम आला. बांगलादेशचे गुण मात्र आधीच्या कित्येक वर्षांत ज्यांनी सामने हरले त्यांच्या खात्यातले. एलोचं रेटिंग जर्सीला असतं, आतल्या अकरा जणांना नसतं. मागच्या बॅचच्या निकालावरून नव्या बॅचची गुणवत्ता ठरवण्यासारखंच हे, आणि आमच्या कॉलेजात तो उद्योग दरवर्षी चालतो म्हणून मला त्यातला खड्डा नेमका माहीत आहे. क्लबच्या फुटबॉलमध्ये हे फारसं अडत नाही, कारण आठवड्याला सामने होतात आणि रेटिंग भराभर सुधारतं. राष्ट्रीय संघ वर्षाला दहा-बारा सामने खेळतात. नवा संघ किती चांगला आहे हे रेटिंगला कळेपर्यंत पात्रता फेरी उरकलेली असते.

भारताच्या बाजूनेही तेच, फक्त उलट्या दिशेने. सुनील छेत्री जून 2024 मध्ये कोलकात्यात कुवेतविरुद्ध शेवटचा सामना खेळून निवृत्त झाला होता. मार्च 2025 मध्ये प्रशिक्षक मानोलो मार्केझ यांनी त्याला परत बोलावलं. मालदीवविरुद्ध 3-0 जिंकलो, त्याने गोलही केला, आणि नोव्हेंबर 2023 मध्ये कुवेतला त्यांच्याच देशात हरवल्यानंतरचा तो भारताचा पहिला विजय होता. रेटिंगमध्ये हा विजय छान दिसतो. पण चाळिशीला टेकलेल्या माणसाला परत बोलवावं लागतं, म्हणजे गोल कोण करणार ह्या प्रश्नाला दुसरं उत्तर नाही, हे कुठल्या रकान्यात लिहिणार?

10 जूनला हाँगकाँगमध्ये काय टक मैदानावर भरपाई वेळेत भारताविरुद्ध पेनल्टी दिली गेली. स्टेफान परेराने गोल केला आणि भारत 0-1 हरला. एलोच्या दृष्टीने हा परक्या मैदानावरचा एका गोलाचा पराभव, त्यामुळे कापलेले गुण माफक. तेही वाजवी आहे. शेवटच्या मिनिटाची पेनल्टी ही संघाच्या ताकदीबद्दल फार काही सांगत नाही. पण गटाच्या तक्त्यात मात्र तिने एक गुण शून्य केला आणि हाँगकाँगचा एक गुण तीन केला. इथून पुढे दोन हिशोब वेगळ्या वाटांनी जायला लागतात, आणि माझ्या मते हे साधन वापरणाऱ्याने समजून घ्यायची मुख्य गोष्ट हीच आहे.

9 ऑक्टोबर, सिंगापूर. प्रशिक्षक आता खालिद जमील. पूर्वार्ध संपता संपता इखसान फांदीचा गोल, उत्तरार्ध सुरू होताच संदेश झिंगनला दुसरं पिवळं कार्ड, म्हणजे लाल. दहा जणांनिशी खेळून नव्वदाव्या मिनिटाला रहीम अलीने बरोबरी साधली. भाच्याने मध्यरात्री फोन केला. आवाज फुटायचाच बाकी होता. त्या रात्री एलोनेही भारताचं कौतुक केलं असतं: समजा दोन्ही संघ गुणांत सारखे, यजमानाला शंभर जास्त, म्हणजे भारताची अपेक्षा 0.36. मिळाला 0.50. रेटिंग साडेपाच गुणांनी वर.

आणि त्याच रात्री गटाचा तक्ता असा होता: हाँगकाँग 7, सिंगापूर 5, भारत 2, बांगलादेश 1. हाँगकाँगने ढाक्यात 4-3 असा सामना खेचला होता. तीन सामने झाले, तीन उरले, पहिल्या जागेपासून पाच गुण लांब. रेटिंग वाढलं आणि शक्यता घटली, एकाच शिट्टीवर.

असं होतं कारण एलोला बरोबरी म्हणजे अर्धा विजय वाटते. गटाला मात्र ती एक तृतीयांश विजय वाटते. तीन, एक, शून्य. हा फरक बारीक दिसतो, पण 0.64 ची अपेक्षा दोन तऱ्हांनी तयार होऊ शकते. एक संघ शंभरात 64 सामने जिंकतो आणि 36 हरतो. दुसरा 40 जिंकतो, 48 बरोबरीत सोडवतो, 12 हरतो. एलोच्या लेखी दोघे जुळे भाऊ. गटात पहिला सामन्यामागे सरासरी 1.92 गुण कमावतो, दुसरा 1.68. सहा सामन्यांत साडेअकरा विरुद्ध दहा. एकच संघ पुढे जाणार असेल तर हा दीड गुण पुष्कळ झाला. ज्या संघाला बचाव जमतो आणि गोल जमत नाहीत, त्याला एलो नेहमी थोडं जास्त भाव देतं. अशा संघाचं उदाहरण शोधायला आपल्याला लांब जायला नको. 2026 च्या विश्वचषक पात्रतेच्या आधीच्या फेरीतही अफगाणिस्तानशी 0-0, कुवेतशी घरी 0-0.

ती आधीची फेरी आठवली म्हणून जाता जाता. तिथे गटातून दोन संघ पुढे जाणार होते, आणि शेवटच्या सामन्याआधी कतार 13, भारत 5, अफगाणिस्तान 5, कुवेत 4 अशी स्थिती होती. म्हणजे पहिली जागा गेलेली, दुसरीसाठी तिघांत चुरस. दोहाला लाल्लियानझुआला छांगटेने गोल करून आघाडी मिळवून दिली. मग 73 व्या मिनिटाला चेंडू गोलरेषेबाहेर जाऊनही कतारचा गोल धरला गेला आणि शेवटी 1-2 हरलो. तिकडे कुवेतने अफगाणिस्तानला 1-0 हरवून 7 गुणांसह दुसरी जागा घेतली. भारताला तिथे बरोबरीही पुरली नसती, विजयच हवा होता. एलोच्या पानावर ह्या सगळ्याची एक ओळ आहे. कतार 2, भारत 1. ओळ बरोबरच आहे. त्या ओळीवरून पुढच्या गटाचा अंदाज बांधायला काही हरकत नाही, फक्त त्या रात्री काय पणाला लागलं होतं ते त्या ओळीत शोधू नये.

परत 'क' गटाकडे. 14 ऑक्टोबर, गोव्यात फातोर्डा. छांगटेचा चौदाव्या मिनिटाला गोल, मग सिंगापूरच्या सोंग उई-यंगचे दोन, एक मध्यंतराच्या जरा आधी आणि एक नंतर. 1-2. गटातून बाहेर. इथे मला वर्गात सांगायला एक छान उदाहरण मिळालं. भारताचे गुण 2, सामने उरले दोन, म्हणजे जास्तीत जास्त 8. हाँगकाँगने त्याच दिवशी बांगलादेशशी 1-1 बरोबरी केल्याने हाँगकाँग आणि सिंगापूर दोघेही 8 वर. भाचा म्हणाला, "मावशी, आठावर बरोबरी होऊ शकते की!" नाही होऊ शकत. पुढच्या फेरीत ते दोघे एकमेकांशीच खेळणार होते. कुणी जिंकलं तर तो 11, बरोबरी झाली तर दोघे 9. आठावर दोघेही थांबतील असा निकालच अस्तित्वात नाही. रेटिंगच्या दृष्टीने भारताला अजूनही दोन्ही सामने जिंकण्याची बरी संधी होती, आणि त्या संधीची किंमत शून्य झाली होती.

पुढे 18 नोव्हेंबरला ढाक्यात शेख मोरसालिनच्या सुरुवातीच्या गोलावर बांगलादेशने भारताला 1-0 हरवलं, आणि सिंगापूरने हाँगकाँगमध्ये जाऊन 2-1 असा विजय मिळवून चषकातली जागा पक्की केली. 1984 मध्ये ते यजमान म्हणून खेळले होते. खेळून पात्र ठरण्याची ही त्यांची पहिलीच वेळ. पाच सामन्यांनंतरचा तक्ता: सिंगापूर 11, हाँगकाँग 8, बांगलादेश 5, भारत 2. पॉट वनमधला संघ तळाला. फिफाच्या यादीत भारत त्या महिन्यात 142 वर आला.

मग हे साधन फसलं म्हणायचं का? मी तसं म्हणणार नाही, आणि ह्यावर माझं भाच्याशी अजून भांडण चालू आहे. समजा चार संघांच्या गटात तुम्ही बाकी तिघांपेक्षा शंभर गुणांनी वर आहात. ऐकायला दणदणीत वाटतं. पण सहा सामन्यांत मिळून पहिलं येण्याची शक्यता निम्म्याहून थोडीशीच वर भरते. म्हणजे कागदावर स्पष्ट अव्वल असलेला संघ जवळजवळ निम्म्या वेळा घरी बसतो. साधन '0.64' सांगतं, ऐकणारा 'आपण जाणार' असं ऐकतो. चूक ऐकणाऱ्याची. सहा सामने हा नमुना म्हणून इतका लहान आहे की मी विद्यार्थ्याने त्यावरून निष्कर्ष काढला तर गुण कापते. दोन संघ पुढे जाणारा गट असता तर त्याच शंभर गुणांची किंमत कितीतरी वाढली असती. म्हणून गटाबद्दल काही बोलण्याआधी किती जण पुढे जाणार हे विचारावं. आपल्याकडे हा प्रश्न विचारणारे लोक फार कमी भेटतात, समालोचकांतसुद्धा.

तक्रारी आहेत, त्या अशा. घरच्या मैदानाचे सरसकट शंभर मला पटत नाहीत. शिलाँग समुद्रसपाटीपासून जवळपास दीड हजार मीटर उंचीवर आहे. तिथला यजमान आणि फातोर्ड्याचा यजमान ह्यांना एकच माप? आणि 'घर' म्हणजे काय हाही प्रश्न आहेच. इस्रायल-इटली सामना सप्टेंबर 2025 मध्ये इस्रायलच्या नावावर होता, झाला हंगेरीत देब्रेत्सेनला, आणि इटलीने तो 5-4 असा जिंकला. असल्या सामन्यांत शंभर द्यायचे की नाही हे हिशोब बघणाऱ्याने दर वेळी तपासावं. दुसरी तक्रार म्हणजे लाल कार्ड, भरपाई वेळेतली पेनल्टी, नऊ जणांनी केलेला बचाव ह्यातलं काहीच आत जात नाही. आत जातो तो फक्त गोलफलक. ह्या तक्रारीवर उपाय म्हणून हल्ली लोक 'अपेक्षित गोल' मोजणारी साधनं दाखवतात. ती चांगली आहेत, पण आपल्या पातळीवरच्या किती सामन्यांचा तो तपशील मिळतो? बांगलादेश-भारताचा गोलफलक मात्र प्रत्येक वेळी मिळतो, आणि 1872 पासूनचा साठा ह्याच साध्या मालावर उभा आहे.

तर वापरायचं कसं, ते सांगते. सोडत निघाली की चारही संघांचे गुण उतरवून घ्यावेत, क्रमांक नव्हे. मग सामन्यांचं वेळापत्रक घ्यावं आणि प्रत्येक सामन्यापुढे यजमानाचे शंभर धरून अपेक्षा लिहावी. शेजारी मोकळा रकाना ठेवावा. त्यात रेटिंगला न दिसणाऱ्या गोष्टी पेन्सिलीने लिहाव्यात: नवा प्रशिक्षक, परदेशात वाढलेला नवा खेळाडू, ज्याच्याशिवाय गोल होत नाहीत असा माणूस जखमी. प्रत्येक फेरीनंतर रेटिंग कमी आणि गटाचा तक्ता जास्त बघावा. चौथ्या फेरीनंतर रेटिंग बंदच करून टाकावं, कारण तेव्हा कोण किती गुणांपर्यंत पोहोचू शकतो हा साधा बेरजेचा प्रश्न उरतो आणि बेरीज कुठल्याही मॉडेलपेक्षा खरी असते.

भाच्याला मी पुढच्या सोडतीसाठी ही वही आखून दिली आहे. त्याने मोकळ्या रकान्याच्या डोक्यावर 'आपले गोल कोण करणार' असं लिहून ठेवलं आहे. तो रकाना मी आखला तेव्हा माझ्या मनात इतका नेमका प्रश्न नव्हता, पण रेटिंगच्या आधी तोच भरावा असं आता मलाही वाटायला लागलं आहे.